गाडी हलवायला दुसरं माणूस

सभ्य माणसाला भर रस्त्यात तोंडाने ‘कुंई कुंई’ करताना तुम्ही पाहिलं आहे का? मी रोज पाहतो. कापड बाजारातला व्यापारी असो की हजीऱ्याच्या कारखान्यातला साहेब, माझ्या दुकानासमोर गाडी लावली की आधी इकडेतिकडे बघतो, घसा खाकरतो आणि सांगतो, “सुकलालभाई, गाडी अशी करते. खडड खट्. खडड खट्.” मी तोंड गंभीर ठेवून विचारतो, “शेवटी एक खट् की दोन?” मग तो बिचारा डोळे मिटून पुन्हा करून दाखवतो. बायको शेजारी असली तर ती म्हणते, “खट् कुठे, गुडूप् वाजतं.” त्यावर दोघांची जुंपते. ती मिटेपर्यंत मी चहा पिऊन घेतो.

माझा धंदा एवढाच. गाडी का वाजते ते शोधायचं आणि तिचं वाजणं बंद करायचं. इंजिनाला मी हात लावत नाही, रंगकाम करत नाही, एसीचं तर नावच काढू नका. चाक आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये जे काही असतं, म्हणजे स्प्रिंगा, दांडे, सांधे, रबराचे बुश आणि जंपर, तेवढंच माझं राज्य. तुम्ही ज्याला शॉकअप म्हणता त्याला आमच्या सुरतेत जंपर म्हणतात. उधन्याहून डिंडोलीकडे जाताना एका लूमच्या कारखान्याच्या भिंतीला चिकटून माझं दुकान आहे. पारोळ्याकडच्या गावातून मी आलो तो खरं तर लूम चालवायला. पण मला कापडापेक्षा लोखंडाची संगत बरी वाटली आणि शेजारच्या गॅरेजात शिरलो तो शिरलोच. बाकीची नोकरीची हकिगत सांगण्यासारखी नाही, ती सगळ्यांची एकसारखीच असते.

लोकांना वाटतं, आवाज शोधायचा म्हणजे कान पाहिजे. चूक. कानासारखा खोटारडा अवयव दुसरा नाही. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. डावीकडच्या चाकाचा सांधा ढिला असतो आणि आवाज उजव्या पायाखाली येतो. मालक शपथेवर सांगतो की उजवीकडेच आहे. अनाडी मिस्त्री त्याचं ऐकून उजवीकडचा सगळा माल बदलतो आणि गाडी वाजतच राहते. शिवाय आमच्याकडे आणखी एक अडचण. भिंतीपलीकडे लूम दिवसरात्र चालू. त्या खटखटीत गाडीची खटखट ऐकायची कशी? म्हणून आमच्या दुकानात कानाऐवजी हातानं काम चालतं.

ते कसं, सांगतो. गाडी दुकानात खणलेल्या खड्ड्यावर उभी करायची. जॅकवर चढवायची नाही. जॅकवर चढवली की चाकं लोंबकळतात, सांध्यावरचा भार निघून जातो आणि ढिला सांधा साळसूदपणे गप्प बसतो. गाडी आपल्या चार पायांवरच उभी पाहिजे. मी खड्ड्यात उतरतो आणि एकेका सांध्यावर बोटं ठेवतो. वर दुसरं माणूस गाडीचा कोपरा दाबून तिला हलवत राहतं. खाली, वर, खाली, वर. चांगला सांधा बोटांखाली मऊ फिरतो. बिघडलेला सांधा प्रत्येक हेलकाव्याला बोटांना टिचकी मारतो. टिचकी लागली की मी खालून ओरडतो, “सापडलं!” काम फत्ते. मग बदलायला अर्धा दिवस लागो, तो भाग हमालीचा.

म्हणजे आमच्या कामाला दोन माणसं लागतात. खालचा मी. वरची विमल, माझी बायको.

विमल आधी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. आमच्या चाळीतल्या सगळ्याच बाया करायच्या. एकदा ती माझा डबा घेऊन आली, तेव्हा मी खड्ड्यात होतो आणि वर गाडी हलवायला कोणी नव्हतं. मी खालूनच म्हटलं, “जरा दाब गं ते.” तिनं डबा ठेवला, पदर खोचला आणि दाबलं. मला खाली चमत्कार झाल्यासारखं वाटलं. तोवर गाडी हलवणारे मी बरेच पाहिले होते. कोणी धसमुसळेपणानं दाबायचे, कोणी चार हेलकाव्यांत दमायचे, कोणाची लय दर वेळी वेगळी. विमलनं गाडीला झुलवलं. एकाच वजनानं, एकाच लयीत, आणि तेही अंगातलं फारसं बळ न लावता. मी वर येऊन विचारलं, हे कुठे शिकलीस? तर हसायला लागली.

“त्यात काय शिकानं? आखाजीले झोका देवानाच शे हाऊ.”

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तेव्हा आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधतात. झोका ढकलायचा तो परत जायला निघतो त्याच क्षणी. आधी ढकलला तर अडतो, उशिरा ढकलला तर हात वाया जातो. विमल गाडीलाही तसंच करायची. गाडी खाली जायला निघाली की हात ठेवायचा, बस. पुढे ती रोजच यायला लागली. टिकल्यांचं काम सुटलं. सुरुवातीला गिऱ्हाइकं बघत राहायची, बाईमाणूस गाडी हलवतंय म्हणून. नंतर मलाच खड्ड्यात विसरून तिच्याशी बोलायला लागली.

तिचं डोकं माझ्यापेक्षा जलद चालायचं, हे मला कबूल करायला हवं. एक व्यापारी होता. त्याची गाडी नवी, मोठी, आणि आवाज फक्त त्याची आई मागे बसली की यायचा. कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी गाडी फिरवून पाहिली, आवाज नाही. घरात सगळे त्या म्हाताऱ्या आईची, म्हणजे बांची, थट्टा करायचे की तुमच्या वजनानं गाडी कण्हते. बा रुसल्या होत्या, गाडीत बसायचं सोडलं होतं. मीही रिकामी गाडी पाहिली, काही सापडलं नाही. विमल म्हणाली, “माणसं बसाडा ना मग.” दुसऱ्या दिवशी ते अख्खं घर लग्नाला निघालं होतं तेव्हा आमच्याकडे आलं. जरीच्या साड्या, सूटबूट, सगळे गाडीत, बा मागे डावीकडे, आणि विमल गाडी झुलवतेय. खाली माझ्या बोटांना टिचकी लागली. मागच्या डाव्या स्प्रिंगचा अगदी शेवटचा वेढा तुटला होता. तुकडा स्प्रिंगखालच्या वाटीत बसलेला, त्यामुळे दिसायचा नाही, आणि भार आल्याशिवाय घासायचाही नाही. मी तुकडा काढून बांच्या हातात दिला. त्यांनी तो मुलाच्या नाकासमोर धरला. “जो! हुं तो केती ज हती!” बघ, मी म्हणतच होते. पुढे लग्नात त्यांनी तो तुकडा किती जणांना दाखवला असेल देव जाणे.

दुसरा एक तरुण पोरगा वडिलांना घेऊन आला. मागून ‘कट्, कट्’ वाजतं म्हणून वडिलांनीच तक्रार केलेली. पोरगा घाम पुसतोय. विमलनं एकदाच गाडी हलवली आणि थांबली. डिकी उघडली, जादा चाकाच्या खोबणीत हात घातला आणि तसाच राहू दिला. मग म्हाताऱ्याला म्हणाली, “काका, ऊन फार आहे, आत पंख्याखाली बसा, पाणी देते.” म्हातारा आत गेल्यावर तिनं बाटली काढून पोराच्या हातात दिली. आमचं राज्य दारूबंदीचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हाताऱ्याला आम्ही सांगितलं, बुश सुकला होता, तेल दिलं. तो पोरगा पुढे दर दिवाळीला मिठाई घेऊन यायचा. डबा विमलच्याच हातात द्यायचा, माझ्याकडे बघायचाही नाही.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अर्धी डिंडोली गावी निघालेली. कोंडाईबारीचा घाट चढायचा म्हणून जो तो गाडी दाखवायला आणायचा. “सुकलालआप्पा, गावना रस्तावरच वाजस, आठे नही वाजस,” असं कोणी म्हटलं की मी सांगायचो, “मग गावी जाऊ नको, इथे बरी आहे गाडी.” विमल डोळे वटारायची. दिवसभर गाड्या हलवून संध्याकाळी तिचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. आम्ही रॉकेलच्या एकाच डब्यात हात धुवायचो. त्या वेळी मला वाटायचं की असंच चालणार, यात बदलण्यासारखं आहेच काय.

मग आमच्या मनोजला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, नातू झाला. सूनही नोकरीवाली. पोराला सांभाळायला कोणी पाहिजे म्हणून विमल गेली. बाळ बसायला लागेपर्यंत जाते, म्हणाली. बाळ बसलं. मग चालेपर्यंत. बाळ चाललं, धावलं, शाळेतही जायला लागलं. मी इथे प्रत्येक वेळी नवीन तारीख धरून बसायचो आणि ती पुढे ढकलायचो. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. रोज फोन व्हायचा. पण घरी आलो की कुलूप मीच उघडायचं आणि दिवा मीच लावायचा. पोळ्यांची सवय मोडली, खिचडीची लागली. चाळीतली माणसं चांगली आहेत, ताट झाकून आणतात. ते ताट उघडताना मला फार एकटं वाटायचं. एकट्यानं खिचडी खाताना तेवढं वाटत नाही.

आणि दुकान. वरून गाडी हलवायला माणूस नाही. समोरच्या चहावाल्याला बोलावलं तर त्याचं अर्धं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे. लूमवरचा एक ओडिया कारागीर जेवणाच्या सुट्टीत यायचा. भला माणूस, पण तो गाडी अशी दाबायचा की चांगला सांधाही टिचक्या मारायला लागायचा. एक लांब फळी बंपरवर ठेवून खालून पायानं दाबून पाहिली. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, बोटांना काही कळेना. एकदा तर मी गाडी खडबडीत रस्त्यावर पळवली, मोबाइल चाकाजवळ बांधला आणि तो आवाज विमलला पाठवला. ती म्हणाली, “वारा शिवाय काहीच ऐकू येस नही.” बरोबरच आहे. सांध्याची धडक अंगाला कळते, फोनला नाही.

याच काळात जसवंतभाई आले. निवृत्त माणूस, गाडी जुनी पण निगुतीनं ठेवलेली. त्यांच्या बायकोच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागायचं आणि गाडीत ‘धप्प’ झालं की ती घाबरून किंचाळायची. धक्का तेवढा लागत नव्हता, पण आवाज आला की आता पाठीत काही तुटणार असंच तिला वाटायचं. शेवटी तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. मी गाडी पाहिली. चहावाला हलवून गेला, ओडिया कारागीर हलवून गेला, मला काही कळलं नाही. अंदाजानं माल बदलून देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. जसवंतभाई पुन्हा आले, पुन्हा पाहिली, पुन्हा तेच.

“अवाज तो एनो ए ज छे, सुकलालभाई,” ते शांतपणे म्हणायचे. आवाज होता तसाच आहे. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. जाताना एकदा म्हणाले, “भाभी आवे त्यारे जोईशुं. वांधो नहीं.” भाभी आल्या की पाहू. मी मान हलवली.

त्यानंतर मी दुकान बंद ठेवून पुण्याला गेलो. नातवाचा वाढदिवस होता, पण ते निमित्त. मला विमलला घेऊन यायचं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. तिथली सोसायटी म्हणजे वीस-बावीस मजल्यांचे मनोरे, खाली गाड्याच गाड्या. सकाळी सगळे कामाला, नातू शाळेत, आणि विमल खाली बागेतल्या बाकावर. तिच्याबरोबर चारपाच बाया. कोणी सोलापूरची, कोणी बंगाली, एक केरळची. एकमेकींची भाषा धड येत नाही आणि हसणं मात्र थांबत नाही. मी लांबून पाहत राहिलो. इतकं मोठ्यानं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर खड्ड्यातून.

मला करमेना. पार्किंगमध्ये फेऱ्या मारायला लागलो. एक गाडी आत आली ती स्पीडब्रेकरवर ‘कटकट’ करत. लिंकरॉड, म्हणजे चाकाजवळचा जोडदांडा, गेलेला, शंभर टक्के. मालक उतरला तेव्हा मी सांगायला गेलो, तर तो म्हणाला, “थँक्स अंकल, सर्व्हिसिंग बुक आहे,” आणि कानाला फोन लावून लिफ्टमध्ये गेला. मला राहवेना. मी गाडीचा कोपरा धरला आणि दोनदा दाबला. गाडी भोंगा वाजवायला लागली. नव्या गाड्यांत चोरासाठी भोंगा असतो हे मला चांगलं माहीत आहे, पण हाताला कुठे माहीत! रखवालदार शिटी फुंकत आला, गॅलऱ्यांतून लोक डोकावले. विमलच बाकावरून उठून आली आणि रखवालदाराला म्हणाली, “आमचेच आहेत.” संध्याकाळी मनोजच्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार होती. त्यानं मोबाइल पालथा ठेवला, पण त्याला लाज वाटली होती, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर तिच्याशेजारी बसलो. बाकीच्या बाया समजूतदारपणे पलीकडे गेल्या. मी जुळवलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हटलं, “चल आता.”

ती डाव्या हातानं उजवा खांदा चोळत म्हणाली, “मी येवाव नही.”

“नातू मोठा झाला की.”

“नातूमुळे नही. माले आठे करमस.” मग तिनंच समजावून सांगितलं, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. तिचा खांदा वर उचलला जात नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, आतलं झिजलं आहे म्हणाले. फोनवर सांगितलं असतं तर मी स्वतःला दोष देत बसलो असतो, म्हणून सांगितलं नाही. पण खांदाच एक कारण नव्हतं. “गाड्या हालवाना माले कटाळा नव्हता,” ती म्हणाली. “चांगलं वाटे. पन मी आठे बसाले शिकनू. काहीच नही करता बसाले. आते उठू नही वाटत.”

बुश झिजला की लोखंड लोखंडावर आदळायला लागतं, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो, आणि घरातलं झिजलेलं मला पुण्याला येऊन कळलं. मी म्हटलं, “मग मीच येतो इथे. दुकान देतो कोणाला.” मनोजही नेहमी म्हणायचा, पप्पा, कायमचे या.

मला वाटलं, ती लगेच ‘या’ म्हणेल. ती माझ्या हातांकडे बघत होती. नखांतलं काळं तीन दिवसांत गेलं नव्हतं.

“तुम्ही आठे काय करशात?” ती म्हणाली. “दिनभर हातले काम नही. कालदिन पाहं मी. मरी जाशात तुम्ही आठे.”

माझ्या भल्यासाठीच म्हणाली. तिचं खरंही होतं. तरी त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं आयुष्यात कशानं लागलं नसेल. एका घरात राहायचं, तर दोघांपैकी एकानं मरायचं, असा तो हिशेब होता आणि तो तिनं माझ्याआधी करून ठेवला होता. मी दुसऱ्याच दिवशीची बस धरली. बसस्टँडवर तिनं बशीत चहा ओतून दिला, फुंकर घालून. आम्ही दोघंही नीट वागलो.

सुरतेला परत आल्यावर चाळीत मी कोणाला काही सांगितलं नाही. जसवंतभाईंनाही नाही. गाड्या येत राहिल्या. चाचपडत, चहावाल्याच्या हातापाया पडत जेवढं होईल तेवढं करत राहिलो. काही गाड्या परत पाठवल्या. जसवंतभाई मधूनमधून यायचे, गाडी न आणता, पायी. बसायचे, चहा घ्यायचे. बायको कशी आहे विचारलं की म्हणायचे, खिडकीत बसलेली असते. मला तेव्हा खड्ड्यात उतरायचीसुद्धा इच्छा होत नसे.

या श्रावणात विमल कानबाईला आली. कानबाई आमची घरची देवी. नारळाला दागिने घालून नटवतात, रात्रभर जागतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन करतात. रोटाच्या नैवेद्याला घरचं माणूस पाहिजेच, परकं चालत नाही. म्हणून ती आली, चार दिवसांसाठी. परतीचं तिकीट काढूनच आली होती. आपली पिशवी तिनं खुंटीला तशीच टांगली, साड्या कपाटात ठेवल्या नाहीत. मी ते पाहिलं. पाहुणीसारखं तिनं विचारलं, “साखर कुठे ठेवता आता?”

कानबाईच्या आदल्या दिवशी ती मला डबा घेऊन दुकानात आली. नको म्हटलं होतं तरी आली. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली आणि इकडेतिकडे बघत राहिली. काय कुठे हललं आहे, कुठे जाळी झाली आहेत, ते तिला न बोलता दिसत होतं. तेवढ्यात जसवंतभाई गाडी घेऊन आले. भाभी आल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. शेजारच्या सीटवर उशा लावून त्यांची बायको बसली होती. येताना तिनं दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून ठेवलं होतं, ते अजून सोडलं नव्हतं. तिला काही मी गाडीतून उतरू दिलं नाही, चढउतार तिला जड. गाडी तशीच हळूच खड्ड्यावर घेतली.

जसवंतभाई विमलकडे पाहत होते. काही मागत नव्हते, फक्त पाहत होते. मी मध्येच म्हणालो, “तुमच्या भाभीचा खांदा दुखतो. चहावाल्याला हाक मारतो.” आणि खड्ड्यात उतरलो. चहावाल्याला हाक मारली, ऐकू गेली की नाही कळलं नाही, भिंतीपलीकडचे लूम नेहमीसारखे चालूच होते. मी पुढच्या डाव्या बाजूच्या सांध्यावर बोटं ठेवून वाट बघत राहिलो.

गाडी हलली.

खाली, वर. खाली, वर. मी वर पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. तो हात मला कुठेही ओळखू आला असता. वर ती जसवंतभाईंच्या बायकोशी बोलत होती, अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत. घाबरू नका, हा झोका आहे, मी धरलाय. हँडल सोडा. आणि ती बाई हसली, मला खाली ऐकू आलं.

डाव्या सांध्यात काही नव्हतं. मी हात उजवीकडे नेला, लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाच्या खालच्या दांड्याच्या, मागच्या बुशवर. पहिल्याच हेलकाव्याला टिचकी लागली. रबर आतून फाटलं होतं, बाहेरून शाबूत. इतके महिने जे मला चकवत होतं ते बोटांखाली होतं.

मी ‘सापडलं’ म्हणालो नाही.

म्हणालो असतो तर तिनं हात काढला असता. मग तिनं डबा उचलला असता, घरी जाऊन देवीचं सामान काढलं असतं, आणि दोन दिवसांनी खुंटीवरची पिशवी. मी बुशवर बोटं ठेवून तसाच उभा राहिलो. तेलाचा वास, डोक्यावर गाडीचं पोट, आणि ते खाली जातंय, वर येतंय. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं, खड्ड्यात कोण बघतंय.

वरून तिचा आवाज आला. लय न मोडता, खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असा.

“सापडनं ना?”

मी बोटं बुशवरून काढली नाहीत.

“मंग सांगत काबर नही?”

“खांदा दुखेल तुझा,” मी म्हणालो. “सोड आता.”

गाडी हलतच राहिली. खाली, वर. आणखी थोडा वेळ ती हलवत राहिली, मी न सांगता, तिच्या मनानं. मग थांबली.